सायलेन्सर टांगायचा कसा?

मला भाषणाला बोलावतात तेव्हा बहुधा कवितेवर बोलायला बोलावतात. आज मात्र मी एका वाकवलेल्या लोखंडी सळईविषयी बोलणार आहे. लांबी वीतभर, जाडी करंगळीपेक्षा कमी. मोटारीखाली सायलेन्सरचा पाइप जिच्या आधाराने लटकतो ती ही सळई. गॅरेजवाले तिला हँगर म्हणतात. मराठीत तिला स्वतंत्र शब्द नाही, मी शोधला. ‘टांगणी’ म्हणता येईल, पण कुठल्याही मेस्त्रीला टांगणी मागितली तर तो कपड्यांची दोरी दाखवील. तेव्हा हँगरच म्हणू.

मी बी. ए. झालो तो मराठी घेऊन. पदार्थविज्ञान दहावीलाच सुटले. म्हणून मी जे सांगणार आहे ते पुस्तकातले कमी आणि भाच्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये रविवारी सकाळी उकिडवे बसून पाहिलेले जास्त आहे. हा भाचा भिंगारला राहतो, माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. आमच्या घरात दखनी चालते, त्यामुळे मी त्याचा ‘मामू’ आणि बहीण माझी ‘आपा’. आपाचे गुडघे गेलेले. रिक्षात चढता येत नाही, उतरता येत नाही. मुलाने मनात घेतले की अम्मीला सहज बसता येईल अशा उंचीची, रुंद दाराची गाडी आपणच बांधायची.

वेड लागले होते म्हणा, पण ते एकट्यालाच लागलेले नव्हते. २०२१च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांची जीप सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव ते हेच. लोहारांनी भंगारातून, सुमारे ६० हजार रुपयांत, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली होती. तो व्हिडिओ भाच्याच्या मोबाइलवर मी निदान वीस वेळा पाहिला असेन. आणि नगर तर धातुकामाशी जुन्या नात्याचे गाव. विजापूरला आज जी मलिक-ए-मैदान तोफ आहे, ती १५४९ साली ओतली गेली आपल्या नगरात. लुना बनवणारा कायनेटिकचा कारखाना नगर-दौंड रस्त्यावरचा. रणगाड्यांचे संग्रहालय इथे, लष्कराची वाहने तपासणारी व्हीआरडीई इथे. अशा गावात एखाद्या पोराने घरी मोटार बांधायला काढली तर त्याला फार हसू नये.

चौकोनी पाइपची चेसिस त्याने स्वतः जोडली. इंजिन भंगारातल्या मारुती ८००चे, ७९६ सीसी, तीन सिलिंडरचे. स्टिअरिंग चालले, ब्रेक लागले. सायलेन्सरची पाळी आली तेव्हा घाई झाली. इंजिनापासून मागच्या बंपरपर्यंत अडीच मीटर पाइप जायचा होता. भाच्याने चेसिसवरून तीन लोखंडी पट्ट्या खाली सोडल्या आणि त्या थेट पाइपला वेल्ड करून टाकल्या. पाइप धरून बसलो होतो मी. “मामू, हलू नका,” असे तो म्हणत होता आणि मी हललो नाही. काम इतके घट्ट झाले की पाइपला लाथ मारली तरी तो थरथरला नाही. आम्ही दोघेही खूश झालो.

जामखेड रस्त्याकडे आमच्या एका नातेवाइकाचे शेत आहे. गाडी टेम्पोत घालून तिथे नेली आणि शेतातल्या बैलगाडीवाटेवर फिरवायला काढली. मागच्या सीटवर आपा. थंडीचे दिवस होते, म्हणून काचा वर. अर्धा-पाऊण तास आम्ही वाटेवर येत-जात होतो. आपा आधी बडबडत होती, मग गप्प झाली. म्हणाली, “सर भारी होगया रे.” मळमळतेय म्हणाली. आम्ही म्हटले, खड्ड्यांनी पोट ढवळले असेल. गाडी थांबवून तिला बांधावर बसवले, मोकळ्या हवेत थोड्या वेळाने बरे वाटले. माझेही डोके ठणकत होते, पण मी ते चहा न मिळाल्याच्या खात्यावर टाकले.

भाच्याने ज्यांच्या हाताखाली पाना धरायला शिकला ते म्हातारे चाचा संध्याकाळी आले. गाडीखाली सरपटत गेले, बॅटरी मारली आणि आतूनच म्हणाले, “कोण बसलं होतं यात?” इंजिनाजवळ पाइप जिथे फ्लँजला जोडलेला असतो, तिथे अर्ध्या घेराला चीर गेली होती. चिरेभोवती काजळीचा काळा पंखा उमटला होता आणि बरोबर वर, पायाखालच्या पत्र्यात, वायरी नेण्यासाठी पाडलेले एक मोकळे भोक होते.

धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो हे आपण ऐकलेले असते. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्याला जो वास येतो तो धुरातल्या इतर गोष्टींचा. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जितक्या ओढीने धरते, त्याच्या दोनशेपटींहून जास्त ओढीने ते या वायूला धरते. रक्त फिरत राहते, पण त्यातली ऑक्सिजनची जागा अडलेली असते. डोके जड होणे, मळमळ, गुंगी ही पहिली लक्षणे. ती उन्हाची वाटतात, पित्ताची वाटतात, आणि माणूस काचा वर ठेवून झोपी जातो. आपा झोपी गेली नाही, बोलली, म्हणून मी आज हे भाषण करतो आहे. त्या रात्री भाचा जेवला नाही. मीही त्याला काही बोललो नाही. पाइप धरणारा मीच होतो.

आता चीर का गेली ते पाहू. गाडी चालू असताना इंजिन जागेवर स्वस्थ नसते. ते रबराच्या माउंटिंगवर बसवलेले असते आणि ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की झुलते. मारुतीचे इंजिन आडवे बसते, त्यामुळे त्याचा झोका पुढे-मागे असतो. म्हणजे ते पाइपला थेट ओढते आणि ढकलते. शिवाय तीन सिलिंडरच्या इंजिनाला नैसर्गिक थरथर जास्त. मिनिटाला ९०० फेरे अशी संथ चाल धरली तर सेकंदाला साडेबावीस स्फोट होतात. तासाचा हिशेब केला तर ८१ हजार. एक टोक झुलत्या इंजिनाला आणि दुसरे चेसिसला खिळलेले असेल, तर मधल्या पातळ पाइपला तासाभरात इतके हिसके बसतात. तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवून आपण तोडतो ना, तसेच हे, फक्त वाकणे डोळ्यांना दिसत नाही.

दुसरे कारण उष्णता. साधे लोखंड एक अंश तापले की मीटरमागे मिलिमीटरचा सुमारे ८०वा भाग वाढते. ऐकायला नगण्य. पण अडीच मीटर पाइप सरासरी ३०० अंशांनी तापला तर नऊ मिलिमीटर वाढतो, पेन्सिलीच्या जाडीपेक्षा जास्त. स्टेनलेस स्टीलचा असेल तर वाढ त्याहून सुमारे ४० टक्के अधिक. ही वाढ कुठेतरी जायला हवी. आमच्या तीन पट्ट्यांनी तिला जायला जागाच ठेवली नव्हती. चाचा म्हणाले, “लोखंडाला बांधून ठेवलंत, ते सुटायला जागा शोधणारच. कमजोर जागा सापडली तिथून सुटलं.”

म्हणून सायलेन्सर टांगायचा असतो, जखडायचा नसतो. टांगण्याचे तीन भाग: पाइपला वेल्ड केलेली सळई, चेसिसला बसवलेली दुसरी सळई किंवा ब्रॅकेट, आणि दोहोंच्या मध्ये दोन भोकांचे रबर. रबर थरथर गिळते आणि पाइपला मागे-पुढे सरकू देते. शिवाय इंजिनाच्या बाजूला, पहिल्या हँगरच्या आधी, एक लवचीक जोड लागतो. जाळीने गुंडाळलेली धातूची नळी असते तशी, किंवा स्प्रिंग आणि बोल्टचा गोल जोड. इंजिनाचा झोका त्याने तिथेच जिरवायचा, रबराच्या वाट्याला फक्त उरलेले ठेवायचे.

हँगर कुठे लावायचे हा प्रश्न मला सर्वांत मजेचा वाटला. चाचांनी एक गंमत करून दाखवली. हातभर लांबीची जाड सळई घेतली, दोन बोटांवर टोकाजवळ आडवी तोलली आणि पान्याने टकटक केले. आवाज बद्द. मग दोन्ही बोटे आत सरकवली, टोकापासून साधारण पाव अंतरापर्यंत. टक केले तर सळई घंटेसारखी वाजली, आणि बोटांना काही कळलेदेखील नाही. सळई कंप पावते तेव्हा तिच्यावर काही जागा जवळजवळ स्थिर राहतात. सगळीकडे सारख्या जाडीच्या, दोन्ही टोके मोकळ्या सळईत त्या टोकापासून सुमारे २२ टक्क्यांवर असतात. हँगर अशा जागी लावला की थरथर वर चेसिसला कमी पोचते. सायलेन्सरचा जड डबा लागला की हा हिशेब बदलतो, म्हणून चाचांची रीत अशी: पाइप तात्पुरता तारेने टांगायचा, गाडी उघड्यावर चालू करायची आणि लाकडी काठीचे टोक पाइपवर ठेवत पुढून मागे जायचे. काठीतून हाताला जिथे कमी झिणझिण्या लागतील तिथे खडूची खूण. मात्र खुणेच्या वर चेसिसचा भक्कम भाग हवा. नुसत्या तळाच्या पत्र्याला हँगर लावला तर गाडी रिकाम्या तेलाच्या डब्यासारखी घुमते. आमच्या गाडीला तीन जागा ठरल्या: लवचीक जोडाच्या मागे एक, सायलेन्सरच्या डब्याच्या आधी एक, आणि शेपटाला एक.

सळई दहा मिलिमीटरची घेतली. ती तापवून न वाकवता पाइसमध्ये धरून, लांब नळी घालून थंडच वाकवली, आणि कोपरा काटकोनी न करता गोलाईदार ठेवला. काटकोनात ती पहिली मोडते. रबर पाइपपासून चार बोटे तरी लांब राहील एवढी तिची लांबी हवी, नाहीतर उष्णतेने रबर टणक होऊन तडकते. याच कारणाने जुन्या टायरचे तुकडे कापून लावायची आपल्याकडची रीत तात्पुरतीच समजावी. बाजारात मारुतीचे रबर थोड्या पैशांत मिळते.

आता वेल्डिंग. इथे भाच्याचा पहिला प्रयत्न फसला. दहा मिलिमीटरची भरीव सळई आणि दीड मिलिमीटर जाडीचा पाइप. ठिणगी दोघांवर सारखी धरली की सळई जेमतेम लाल होते आणि पाइपला भोक पडते. चाचांनी सांगितले, आच सळईवर धर आणि वितळलेला रस पाइपवर ढकल. शिवाय सळई आणि पाइप यांच्या मध्ये पत्र्याची एक वाकवलेली थाप घातली, पाइपच्या गोलाईला चपखल बसणारी, घोड्याच्या खोगिरासारखी. सळई त्या खोगिराला आणि खोगीर पाइपला. त्यामुळे ओझे एका रेघेवर न येता तळहाताएवढ्या भागावर पसरते. सळई पाइपच्या लांबीच्या दिशेने निजवायची, आडवी टेकवून टोकाशी नुसता टिपका द्यायचा नाही. कांडी बारा नंबरची, म्हणजे अडीच मिलिमीटरची, करंट ६०-७० अँपिअर. त्याहून वाढवला की पाइप जळतो. एका दमात लांब शिवण घालायची नाही. अंगठ्याएवढी घालायची, थांबायचे, दुसऱ्या बाजूने घालायची, म्हणजे पाइप वाकडा होत नाही.

एक क्रम मात्र पाळायचाच. सगळा पाइप गाडीखाली, इंजिन आपल्या जागी, रबरे अडकवलेली, अशा स्थितीत फक्त टाके मारायचे, प्रत्येक हँगरला दोन. मग पाइप उतरवून टेबलावर पूर्ण वेल्डिंग करायचे. गाडीखाली निजून वर तोंड करून केलेली शिवण कधीच चांगली येत नाही आणि ठिणगी शर्टाच्या गळ्यात शिरते, हा अनुभव भाच्याच्या छातीवर अजून आहे. टाके मारतानाही बॅटरीची तार काढायची आणि वेल्डिंगची अर्थ ज्या जागी काम चालू आहे तिच्या अगदी जवळ लावायची. नाहीतर करंट बेअरिंगमधून किंवा वायरिंगमधून वाट काढतो. पेट्रोलची टाकी आणि नळी दूर, किंवा उतरवून ठेवलेली.

भाच्याने सळया मिळेनात म्हणून जुन्या नळाच्या जीआय पाइपचे तुकडे काढले होते. चाचांनी ते शेडबाहेर फेकले. त्या पाइपवर जस्ताचा थर असतो. वेल्डिंगच्या आचेत जस्ताची वाफ होते, ती छातीत गेली की संध्याकाळी हिवतापासारखी थंडी भरते. वापरायचाच झाला तर जोडाजवळचा थर आधी पूर्ण घासून काढावा. आम्ही वापरला नाही. आणि काच. मी एकदा ‘जरा बघतो’ म्हणून काचेशिवाय बघितले. पहाटे तीनला उठलो तो डोळ्यांत मूठभर वाळू घातल्यासारखा. घरगुती उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. मी डॉक्टरांकडे गेलो.

चेसिसच्या बाजूला आम्ही वेल्डिंग केले नाही. तीन मिलिमीटर पट्टीची ब्रॅकेट बोल्टने बसवली, म्हणजे पुढे बदलता येते. चौकोनी पाइप आतून पोकळ असतो, बोल्ट आवळला की तो चेपतो; म्हणून भोकात आधी नळीचा तुकडा घालून मग बोल्ट आवळायचा. सळयांची सगळी टोके एकाच दिशेला, मागे, ठेवली. सबंध पाइप एका हिसक्यात रबरांत सरकतो आणि काढतानाही तसाच निघतो. टोकाला वेल्डिंगचा एक थेंब द्यायचा, म्हणजे रबर निसटत नाही. आणि पाइप थंड असताना रबरे खालून किंचित इंजिनाकडे कललेली ठेवायची. गाडी तापली, पाइप मागे वाढला, की ती सरळ होतात. भाच्याने गाडी अर्धा तास चालवून मला खाली बोलावले. सकाळी तिरपे पाहिलेले शेपटाकडचे रबर ओळंब्यात आले होते. मला त्या दिवशी कविता झाल्याइतका आनंद झाला, आणि हे मी विचार करून सांगतो आहे.

गळती तपासायची साधी रीत: गाडी उघड्यावर ठेवायची, थंड इंजिन चालू करायचे, ओल्या फडक्याने शेपटाचे तोंड क्षणभर दाबायचे आणि जोडांशी फुसफुस ऐकायची. साबणाचे पाणी लावले तर बुडबुडे दिसतात. तळाच्या पत्र्यातले ते भोक आम्ही रबरी बूच घालून बंद केले, तशीच बाकीची पाचही.

कायद्याचेही बोलले पाहिजे, कारण पत्रे येतील. सायलेन्सर कसा असावा हे केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेले आहे. धूर खाली किंवा डाव्या बाजूला सोडायचा नाही, उजवीकडे किंवा मागे सोडायचा. आपल्याकडे डावीकडे फुटपाथ असतो, माणसे चालतात, बस थांबते. पाइप पेट्रोलच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत नको. हे आम्ही मोजून पाळले. पण एवढे पाळले म्हणून घरची गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. कुठल्याही नव्या गाडीचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेने तपासून मंजूर करावा लागतो, तेव्हा तिची नोंदणी होते. त्या संस्थांच्या यादीत पुण्याची एआरएआय आहे आणि आपल्या नगरची व्हीआरडीईही आहे. भाच्याच्या शेडपासून ती काही फार लांब नाही, पण मधले अंतर किलोमीटरचे नाही. त्या चाचण्या कारखान्यांसाठी आखलेल्या असतात, एका माणसाच्या एका गाडीसाठी नव्हे. लोहारांच्या जीपविषयी आनंद महिंद्रांनी कौतुक करतानाच लिहिले होते की नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या ती थांबवली जाईल; म्हणून त्यांनी बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि २०२२च्या जानेवारीत ती दिलीही.

भाच्याला यावर राग येतो. त्याचे म्हणणे, एवढी तपासणी मग धूर ओकत जाणाऱ्या जुन्या टेम्पोंची का नाही? त्यात तथ्य आहे. पण मला ती बैलगाडीवाट आठवते. आमची गाडी त्या दिवशी नगर-पुणे रस्त्यावर असती आणि वर केलेल्या काचांमागे चाकावर बसलेल्यालाच गुंगी आली असती, तर पुढून येणाऱ्या एसटीतल्या माणसांनी काय केले असते? तपासणी मागणारा कायदा मला तेव्हापासून शत्रू वाटत नाही. एकट्या-दुकट्या कारागिराला परवडेल अशी तपासणीची खिडकी मात्र असायला हवी, असे मी म्हणतो.

गाडी अजून शेतावरच असते. आपा दर पंधरवड्याला तिथे जाते, रुंद दारातून एकटी चढते, मदतीला हात दिला तर रागावते. थंडी असो, वारा असो, चारही काचा खाली. वाकून गाडीखाली पाहता येत नाही, म्हणून निघण्याआधी मुलाला विचारते, “तीनों लटके हैं ना बराबर?” तो खाली पडून, एकेक रबर हाताने हलवून बघतो आणि मगच चावी फिरवतो.